साडेतीन लाख बदकं, तरीही धोक्यात

हिवाळ्यात ठाणे खाडीत येणारी बदकं आपल्या ओळखीची आहेत. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रांग. ही सगळी उथळ पाण्यावर जगणारी. पण बदकांच्या कुळात एक शाखा अशी आहे, जी वर्षातले आठ-दहा महिने खुल्या समुद्रावर काढते, खोल बुडी मारून तळाचे शिंपले खाते आणि जमिनीवर फक्त अंडी घालण्यापुरती येते. ही समुद्री बदकं. आपल्या खाडीत ती येत नाहीत. तरीही नवी मुंबईत पक्ष्यांबद्दल जे बोललं जातं, म्हणजे 'यंदा वाढले', 'यंदा घटले', 'अभयारण्य झालंय ना, मग कसली काळजी', ते ऐकलं की मला त्यांतलं एक बदक हटकून आठवतं. एखादा पक्षी टिकतोय की संपतोय हे कसं ठरवतात, हे समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

त्याचं नाव स्पेक्टॅकल्ड आयडर. आपण त्याला चष्मेवाला आयडर म्हणू. दीड किलोच्या आसपास वजनाचं, चांगलं दणकट बदक. नराचं डोकं फिकट हिरवं, चोच नारिंगी, पाठ पांढरी, छाती काळी, आणि डोळ्यांभोवती काळ्या किनारीचं पांढरं गोल कडं, थेट गॉगल लावल्यासारखं. मादी तपकिरी, बारीक पट्ट्यांची, गवतात बसली की दिसेनाशी होणारी. चष्मा तिलाही असतो, पण फिका. अलास्काच्या पश्चिम आणि उत्तर किनाऱ्याला आणि रशियाच्या उत्तर किनाऱ्याला, जिथे जमिनीखालचा थर बारमाही गोठलेला असतो, तिथल्या दलदलीत ही बदकं घरटी करतात.

आता आकड्यांकडे येऊ. अलास्काच्या पश्चिमेला युकॉन आणि कुस्कोक्विम या दोन नद्यांचा प्रचंड त्रिभुज प्रदेश आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे या बदकाच्या साधारण ५० हजार जोड्या वीण करत असाव्यात असा अंदाज होता. १९९२ पर्यंत त्या जेमतेम दोन हजारांच्या घरात आल्या. घट सुमारे ९६ टक्के. १९९३ मध्ये अमेरिकेने या बदकाला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण दिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, संशोधकांना बेरिंग समुद्राच्या गोठलेल्या पृष्ठभागावर, भर हिवाळ्यात, याच बदकांचे अतिप्रचंड थवे सापडले. पुढच्या काही वर्षांत विमानातून फोटो काढून मोजणी झाली, तेव्हा आकडा साडेतीन लाखांच्या आसपास निघाला.

मग ९६ टक्के घट खोटी होती का? अजिबात नाही. दोन्ही आकडे खरे होते. एक आकडा एका प्रदेशाचा होता, दुसरा साऱ्या जगाचा. जगातली बहुतेक चष्मेवाली आयडर रशियाच्या बाजूला, याना, इंडिगिर्का आणि कोलिमा या नद्यांच्या मुखांजवळ वीण करतात. अलास्काच्या त्या त्रिभुज प्रदेशातली वस्ती मात्र खरोखरच संपत आली होती.

इथे कुणालाही वाटेल की रशियात एवढी आहेत, तर त्यांतली काही उडून येतील आणि रिकामी जागा भरतील. पण आयडरांमध्ये तसं होत नाही. मादी जिथे जन्मली, त्याच परिसरात अंडी घालायला परतते. जोड्या जमतात हिवाळ्यात, समुद्रावर, जिथे सगळ्या प्रदेशांतली बदकं एकत्र असतात. आणि वसंतात नर मादीच्या मागोमाग तिच्या माहेरी जातो. त्यामुळे नर एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जात राहतात, पण माद्या जात नाहीत. एखाद्या दलदलीतल्या माद्या संपल्या, की ती दलदल जवळपास कायमची ओस पडते. बाहेरच्या लाखोंचा तिला काही उपयोग नसतो. म्हणून एकूण संख्येबरोबर वस्तीनिहाय संख्या बघावीच लागते.

ही मोजणी करतात कशी, हेही सांगायला हवं, कारण आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा ते कळत नाही. जूनच्या सुरुवातीला छोटी विमानं ठरावीक रेषांवरून अगदी कमी उंचीवर उडतात आणि आतले निरीक्षक ठरलेल्या रुंदीच्या पट्ट्यात दिसणारी बदकं नोंदवतात. पांढऱ्या पाठीचा नर वरून लगेच दिसतो. घरट्यावर बसलेली मादी दिसत नाही. म्हणून एकटा नर दिसला की त्याची मादी आसपास अंड्यांवर आहे असं धरून एकाचे दोन मोजतात. आता गंमत अशी, की मादी अंड्यांवर नीट बसली की नराचं काम संपतं आणि तो समुद्राकडे निघून जातो. जून सरायच्या आत बहुतेक नर गेलेले असतात. मोजणी आठवडाभर उशिरा झाली, तर एकही बदक मेलेलं नसताना आकडा पडतो. बर्फ लवकर वितळलं तर वीण लवकर होते, आणि मग मोजणीची तारीखही मागेपुढे करावी लागते. याला जोड म्हणून काही निवडक तुकड्यांत माणसं पायी फिरून घरटी शोधतात, अंडी किती, पिल्लं किती, कोल्ह्याने आणि गल, म्हणजे कुरव पक्ष्यांनी किती नेली, हे लिहितात. हवेतून मिळतो तो कल, आणि जमिनीवरून मिळतं ते कारण.

ते कारणच आता जरा तपशिलात बघू, कारण सगळी मेख तिथे आहे.

त्रिभुज प्रदेशात यूपिक लोकांची गावं आहेत. हंस, बदकं यांची शिकार हा त्यांच्या जेवणाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा भाग. बंदुकीच्या काडतुसात शिशाचे बारीक छर्रे असायचे. एका बारात शेकडो छर्रे उडतात. पक्ष्याला लागतात त्यातले थोडेच, बाकीचे तळ्यात पडतात. आपल्याकडच्या गाळात अशी जड वस्तू काही काळाने खोल जाईल. तिथे उथळ तळ्याच्या तळाशी गोठलेला घट्ट थर असतो, त्यामुळे छर्रे वर्षानुवर्षं वरच्या काही बोटांच्या थरातच राहतात, नेमके बदकाची चोच पोचते तिथे.

बदकाला दात नसतात. ते खाल्लेलं अन्न दळतं ते जठराच्या जाड, स्नायूंच्या भागात, ज्याला पेषणी म्हणतात. ती जात्यासारखी चालते, आणि जात्याच्या दगडाचं काम करायला बदक मुद्दाम बारीक खडे गिळतं. शिशाचा छर्रा त्याला खड्यासारखा किंवा बीसारखा दिसतो. आत गेला की तो दळला जातो, आम्लात विरघळतो, आणि शिसं रक्तात उतरतं. पचनसंस्था लुळी पडते, पंखांतली ताकद जाते, पक्षी खात असूनही वाळत जातो. आणि मरतो तो कुठेतरी गवतात, एकटा. दोन दिवसांत कोल्हा त्याचं नामोनिशाण ठेवत नाही. त्यामुळे मेलेल्यांचा ढीग कधीच दिसत नाही.

१९९० च्या दशकात संशोधकांनी तिथल्या माद्या पकडून रक्तातलं शिसं तपासलं, त्यांना ओळखपट्ट्या घातल्या आणि पुढच्या वर्षी कोण परत येतंय ते पाहिलं. रक्तात शिशाचा अंश न सापडलेल्या शंभरातल्या सुमारे ७८ माद्या वर्षभर तगत होत्या. शिसं सापडलेल्या माद्यांमध्ये हे प्रमाण ४४ वर आलं होतं.

७८ आणि ४४ यांतला फरक नुसता वाचून अंगावर येत नाही, म्हणून कागदावर करून बघा. शंभर माद्या घ्या, आणि तोच दर पाच वर्षं कायम आहे असं समजा. पहिल्या गटात वर्षागणिक उरतात ७८, ६१, ४७, ३७ आणि २९. दुसऱ्या गटात ४४, १९, ९, ४ आणि २. आयडरची मादी दोन-तीन वर्षांची झाल्याशिवाय अंडी घालत नाही, आणि घातलेल्या पाचेक अंड्यांतली बरीचशी कोल्ह्याच्या किंवा गलच्या पोटात जातात. पहिल्या गटातल्या मादीला वीण साधायला तीन-चार हंगाम मिळतात. दुसऱ्या गटातल्या बहुतेकींचा पहिलाच हंगाम शेवटचा ठरतो.

सावकाश वाढणाऱ्या, दीर्घायुषी पक्ष्यांबद्दलचं हे मूळ गणित आहे. एखाद्या वर्षी पिल्लं जगली नाहीत, तर ते वर्ष भरून निघतं. प्रौढ मादी मेली की तिची पुढची सगळी वर्षं जातात. गिधाडांबाबत हेच झालं, आणि आपल्या रोहितांनाही, म्हणजे फ्लेमिंगोंनाही, हेच लागू आहे, कारण रोहित एका विणीत एकच अंडं घालतो.

९६ टक्के घसरणीचं सगळं खापर शिशावर फोडता येत नाही. समुद्रातल्या अन्नात झालेले बदल, भक्षकांची संख्या, शिकार यांचाही वाटा असावा. पण माणसाच्या हातात लगेच येण्याजोगी गोष्ट शिसंच होतं. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरायला अमेरिकेत १९९१ मध्ये देशभर बंदी आली. बंदीचा कागद दूरच्या गावात पोचला म्हणजे छर्रे बदलतात असं नाही. पोलादी छर्ऱ्यांचा नेम वेगळा, अंतराचा अंदाज वेगळा. शिकाऱ्याला खात्री हवी की घरी रिकाम्या हाताने जावं लागणार नाही. म्हणून गावागावांत पोलादी छर्ऱ्यांची प्रात्यक्षिकं झाली, गावातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेतलं गेलं. मला या सगळ्या हकिकतीत हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यांच्या ताटाशी पक्ष्याचा संबंध आहे त्यांना गुन्हेगार ठरवून काम झालं नाही, त्यांच्याशी बोलून झालं. तिथली आयडरांची संख्या पुढे हळूहळू वाढत गेली. पूर्वीच्या ५० हजार जोड्यांपासून ती अजून फार दूर आहे, पण दिशा बदलली.

आता १९९५ चा शोध. तोपर्यंत हे बदक हिवाळ्यात कुठे जातं हे कुणालाच माहीत नव्हतं. काही बदकांच्या शरीरात उपग्रहाला संदेश पाठवणारी छोटी यंत्रं बसवली होती. त्यांतल्या एकाचा क्षीण संदेश सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेकडून, बर्फाच्या मधोमध, आला. विमान तिथे गेलं, तेव्हा बर्फातल्या मोजक्या खुल्या भेगांमध्ये बदकं एकमेकांना खेटून बसलेली दिसली. खाली पाणी ४० ते ७० मीटर खोल. तेवढं बुडून ती तळाचे शिंपले काढतात, वर येतात, बर्फावर बसून विसावतात, पुन्हा बुडी.

या शोधाने दिलासा दिला आणि धास्तीही. जगातली जवळजवळ सगळी चष्मेवाली आयडर हिवाळ्याचे कित्येक महिने समुद्राच्या एकाच तुकड्यावर असतात. तिथे तेल सांडलं, तळ खरवडणारी मासेमारी सुरू झाली, किंवा शिंपल्यांची जात बदलली, तर रशियातल्या आणि अलास्कातल्या सगळ्या वस्त्यांना एकाच वेळी फटका. २००१ मध्ये अमेरिकेने या हिवाळी समुद्रासह, पिसं झडण्याच्या काळात बदकं जमतात ते उपसागर आणि विणीचे प्रदेश अत्यावश्यक अधिवास म्हणून घोषित केले. पिसं झडण्याचा काळ म्हणजे काही आठवडे उडता न येण्याचा काळ. तेव्हाची जागा सुरक्षित नसेल तर बाकीच्या जागा सुरक्षित असून भागत नाही.

आता चिंता बर्फाची आहे. बर्फावर विसावलेलं बदक गोठणबिंदूजवळच्या पाण्यात तरंगणाऱ्या बदकापेक्षा खूप कमी ऊर्जा खर्च करतं. २०१८ आणि २०१९ च्या हिवाळ्यांत बेरिंग समुद्रावर बर्फ विक्रमी कमी होतं. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, यादीत हे बदक आज 'संकटग्रस्ततेच्या उंबरठ्यावर' या गटात आहे. साडेतीन लाखांचा आकडा असूनही हे का, ते आता लक्षात आलं असेल.

असाच एक धडा बाल्टिक समुद्रातल्या लांबशेपटी बदकाने दिला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हिवाळ्यात ४२ लाखांच्या आसपास बदकं मोजली गेली. २००७ ते २००९ च्या मोजणीत राहिली होती सुमारे १५ लाख. १५ लाख पक्षी बघणाऱ्याला समुद्र भरलेलाच दिसतो. पण आधीच्या मोजणीच्या वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणून घट कळली, आणि २०१२ मध्ये ही प्रजाती धोक्यातल्या यादीत गेली.

हे सगळं घेऊन आपल्या खाडीकडे या. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी रोहित अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ही मान्यता, मिळाला, तोही सुमारे ६५ चौरस किलोमीटरला. हंगामात इथे एक लाखाहून अधिक रोहित असल्याच्या नोंदी झाल्या आहेत. त्यांतले बहुसंख्य छोटे रोहित, आणि आययूसीएनच्या यादीत छोटा रोहितही नेमका चष्मेवाल्या आयडरच्याच गटात आहे. कारणही मिळतंजुळतं. जगात लाखोंच्या संख्येने असूनही तो नियमित वीण करतो अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आफ्रिकेत टांझानियाचं नॅट्रॉन सरोवर आणि दक्षिणेकडची दोन-तीन ठिकाणं, आपल्याकडे कच्छचं रण. रणात एखाद्या वर्षी पाणी नीट साठलं नाही तर वीण होत नाही, आणि त्याचा परिणाम ऐरोलीत दिसायला वेळ लागतो, कारण जुने पक्षी येतच राहतात. खाडी गुलाबी दिसते आणि आत वय वाढत असतं.

उलट बाजूही आहे. खाडीतले रोहित वाढले म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असं अनेक जण आनंदाने सांगतात. छोटा रोहित सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, आणि सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ फोफावतं. १९९० च्या दशकापासून रोहित इथे मोठ्या संख्येने येऊ लागण्यामागे हेही एक कारण असावं असं अभ्यासक मानतात. म्हणजे एका पक्ष्याची वाढ ही पाण्याच्या बिघाडाची खूणही असू शकते. त्याच चिखलात खेकडे, निवट्या आणि त्यांच्यावर जगणारे बाकीचे पक्षी यांचं काय चाललंय, हे वेगळं बघावं लागतं. दिवा-ऐरोलीच्या कोळीवाड्यात जाळ्यात काय येतं आणि पूर्वी काय यायचं, हे तिथल्या आजी-आजोबांना विचारलं तर पक्ष्यांच्या आकड्यात न दिसणारं बरंच कळतं.

आणि आता आपल्याकडची खरी नाजूक जागा. ओहोटीला चिखलपट्टा उघडा पडतो, रोहित त्यावर चरतात. भरती आली, विशेषतः उधाणाची, की पट्टा पाण्याखाली जातो. तेव्हा लाखभर पक्ष्यांना चार-पाच तास उभं राहायला उथळ पाणी लागतं. ते मिळतं नेरुळचा डीपीएस तलाव, सीवूड्सचा टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय वसाहत यांचा परिसर, भांडुपचं पंपिंग स्टेशन, आणि खाली उरणकडे पाणजे, भेंडखळ अशा पाणथळींत. यांतल्या बहुतेक जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, २०२२ मध्ये सहा रोहितांना टॅग लावून त्यांचा माग काढला, तेव्हा खाडी आणि या पाणथळी यांमधली त्यांची भरतीबरोबरची ये-जा नकाशावर उमटली, आणि पुढे गुजरातपर्यंतचा प्रवासही. २०२४ मध्ये डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली आणि तलाव कोरडा पडत गेला. पक्षी बसायला जागा शोधत वस्तीवर, दिव्यांच्या झगमगाटात घिरट्या घालू लागले, आणि त्या हंगामात नेरुळ-सीवूड्स भागात काही रोहित दगावलेही. अभयारण्याचा दर्जा तेव्हाही कायम होता.

आयडरला बेरिंग समुद्रातल्या भेगा जशा लागतात, तशी रोहिताला ही भरतीची ठाणी लागतात. म्हणून एखाद्या पाणथळीवर भराव टाकण्याचा प्रस्ताव येतो आणि सोबतच्या अहवालात 'येथे पक्षी आढळले नाहीत' असं लिहिलेलं असतं, तेव्हा पाहणी कोणत्या तारखेला आणि किती वाजता झाली हे विचारायलाच हवं. ओहोटीच्या वेळी तिथे पक्षी नसणारच. ते खाडीत चरत असतात. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांतही ते कमीच दिसतील, कारण तेव्हा चिखलपट्टा पुरता बुडत नाही.

मोजणीला जाणाऱ्यांनाही हेच सांगणं. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते, आपल्या उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे, आणि त्यात कुणालाही भाग घेता येतो. नोंद करताना पक्ष्यांच्या आकड्याशेजारी भरती-ओहोटीची वेळ लिहा, तिथी लिहा, आणि सकाळी ऐरोलीला मोजलेले रोहित दुपारी नेरुळला पुन्हा मोजून बेरीज करू नका. तलाव रिकामा दिसला तर शून्य लिहा, रकाना कोरा सोडू नका. कोऱ्या रकान्यावरून पुढच्या माणसाला कळत नाही की पक्षी नव्हते की मोजणाराच गेला नव्हता.